मतदार यादी आणि सातबारा

सावित्रीकाठचे, महाडजवळचे सव हे गाव गरम पाण्याच्या कुंडांसाठी ओळखले जाते. तेथील एका बैठकीत एका वृद्ध बांधवाने माझ्यापुढे दोन कागद ठेवले. एक मतदार ओळखपत्र, दुसरा सातबारा. पहिल्यावर त्याचे नाव होते. ज्या शेतात बापाची आणि त्याची हयात गेली, त्या शेताच्या सातबाऱ्यावर मात्र नव्हते. या दोन कागदांतील अंतर म्हणजेच आपल्या लोकशाहीचे अपुरेपण होय.

महाड म्हटले की २० मार्च १९२७ आणि चवदार तळे आठवते. पण बाबासाहेबांचा लढा पाण्यावर थांबला नाही, तो जमिनीपर्यंत गेला. कोकणात खोत सरकारला सारा भरी आणि कुळाकडून त्याच्या कितीतरी पट वसूल करी. वर वेठबिगार वेगळीच! जो माणूस खोताच्या मर्जीवर शेत कसतो, तो खोताविरुद्ध मत कसे देणार? हे ओळखूनच १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. महार, कुणबी, आगरी एका मोर्चात होते, हे आज विसरता कामा नये. ते विधेयक मंजूर झाले नाही. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ मध्ये आला. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला घटना समितीत बाबासाहेबांनी इशारा दिला की, सामाजिक आणि आर्थिक विषमता राहिली तर राजकीय लोकशाहीचा डोलारा कोसळेल.

पुढे कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवून कुळाला मालक मानले. पण कुळ कोणाला म्हणायचे? ज्याची नोंद आहे त्याला! त्या दिवसाआधीच अनेक ठिकाणी कुळांकडून ‘स्वखुशीचे’ राजीनामे घेतले गेले. तोंडी करारावर कसणाऱ्यांचे नाव दप्तरी चढलेच नाही. आणि जो निव्वळ मजूर होता, त्याच्या वाट्याला या कायद्याने काहीच आले नाही. म्हणूनच कर्मवीर दादासाहेब गायकवाडांना १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह करावे लागले.

पश्चिम बंगालने १९७८ पासून वेगळी वाट धरली. महसूल अधिकारी गावात आले, छावण्या लावल्या, सर्वांसमक्ष विचारून बटाईदारांची नावे नोंदवली. सुमारे १४ लाख नावे दप्तरी चढली. कसणाऱ्याने कचेरीच्या पायऱ्या झिजवायच्या नाहीत, कचेरीने बांधावर यायचे, हा त्यातला धडा आहे.

आज महाड-पोलादपुरातून चौपदरी महामार्ग गेला आहे, औद्योगिक वसाहत आहे. भूसंपादनात मोबदला नोंदीवरून ठरतो, घामावरून नाही. म्हणून बांधवांनो, सातबाऱ्याबरोबर जुने फेरफार काढा. १९५७ च्या आसपासच्या नोंदी, खंडाच्या पावत्या, पीकपाहणी तपासा. कुळ असल्याचा पुरावा असेल तर कुळकायद्याच्या कलम ७० (ब) खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. कुणबी बांधवांनाही सोबत घ्या, त्यांचाही प्रश्न हाच आहे.

मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारा, गावात नोंदणीची छावणी कधी लावता? बाबासाहेबांनी मताचा अधिकार मिळवून दिला. त्या मताने सातबाऱ्यावर नाव चढवणे हे आता आपले काम आहे.