विश्लेषण : न्यूयॉर्क गाजवणारी ऑपेरा गायिका नदीकाठी गळ टाकून का बसायची? काय आहे एमा देस्तिनोव्हा यांची कहाणी?

चेक प्रजासत्ताकाच्या २००० कोरुनाच्या नोटेवर एका स्त्रीचे चित्र आहे. ती राणी नाही की राजकारणीही नाही. ती आहे ऑपेरा गायिका एमा देस्तिनोव्हा. पाश्चात्त्य जग त्यांना एमी डेस्टिन म्हणून ओळखत होते. मात्र दक्षिण बोहेमियातील एका लहानशा गावात त्यांची ओळख वेगळी होती. तिथे त्या होत्या तासन् तास नदीकाठी मासे पकडत बसणाऱ्या वाड्यातल्या बाई.

एमा देस्तिनोव्हा कोण होत्या?

त्यांचा जन्म १८७८ मध्ये प्रागमधील सधन घरात झाला. मूळ आडनाव किट्टल. लहानपणी त्या व्हायोलिन शिकल्या, पुढे गाण्याकडे वळल्या. मारी लोव्ह-डेस्टिन या गुरूंचे नाव त्यांनी कृतज्ञतेपोटी स्वतःला लावले. १८९८ मध्ये बर्लिनमध्ये त्यांनी पदार्पण केले, तेव्हा वय होते अवघे २०. १९०५ मध्ये लंडनला ‘मादाम बटरफ्लाय’ पहिल्यांदा रंगमंचावर आले, तेव्हा नायिका त्याच होत्या. १९०८ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात ‘आयडा’मधून त्यांनी पाऊल ठेवले.

त्यांची सर्वांत गाजलेली रात्र कोणती?

१० डिसेंबर १९१०. इटालियन संगीतकार पुचिनी यांनी मेट्रोपोलिटनसाठी लिहिलेल्या ‘ला फांचुल्ला देल वेस्ट’ या ऑपेराचा जगातील पहिला प्रयोग त्या रात्री झाला. नायकाच्या भूमिकेत एन्रिको कारुसो, संगीत संचालनाला आर्तुरो तोस्कानिनी आणि नायिका देस्तिनोव्हा. त्या काळात ध्वनिवर्धक नव्हते. अख्ख्या वाद्यवृंदावर मात करत आवाज शेवटच्या रांगेपर्यंत न्यायचा तो केवळ गळ्याच्या बळावर. त्यात सतत बोटीचा आणि रेल्वेचा प्रवास. अशा आयुष्यात विसाव्याची जागा ही चैन नव्हती, गरज होती.

मग त्या खेड्यात का गेल्या?

१९१४ मध्ये त्यांनी स्त्राश नाद नेझार्कोउ येथील जुना वाडा विकत घेतला. गावाच्या नावाचा अर्थच ‘नेझार्का नदीवरचे स्त्राश’. तळी, माशांची पैदास आणि जंगल यांसाठी हा भाग शेकडो वर्षे प्रसिद्ध आहे. देस्तिनोव्हा यांना मासेमारीचे अक्षरशः वेड होते. भरजरी पोशाखात रंगमंचावर वावरणाऱ्या या बाई इथे साध्या, जुन्या कपड्यांत गळ घेऊन बसत, असे आजही सांगितले जाते. त्या लेखनही करत. कविता, नाटक, कादंबरी असे प्रकार त्यांनी हाताळले. गळ टाकून बसलेल्या माणसाला गप्प बसावे लागते. आवाजावर जगणाऱ्या बाईंना ही शांतता किती हवीशी वाटत असेल, हे समजायला फार कल्पना करावी लागत नाही.

विसाव्याची जागाच तुरुंग कशी बनली?

तेव्हा बोहेमिया ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याचा भाग होता आणि पहिले महायुद्ध सुरू होते. १९१६ मध्ये देस्तिनोव्हा अमेरिकेहून परतल्या. चेक स्वातंत्र्य चळवळीशी त्यांचे संबंध असल्याचा संशय अधिकाऱ्यांना होता. त्यांचे पारपत्र जप्त झाले आणि त्यांना स्त्राशच्या वाड्यात नजरकैदेत ठेवले गेले. नदी तीच, वाडा तोच. पण आता तिथून हलण्याची मुभा नव्हती. त्यांचे जवळचे स्नेही, फ्रेंच गायक दीन जिली यांनाही शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून साम्राज्यात अडकून पडावे लागले. पुढे मायदेशात गाण्याची परवानगी मिळाली, तेव्हा चेक गाण्यांच्या त्यांच्या मैफली म्हणजे देशप्रेमाचे मेळावेच ठरले.

स्वातंत्र्यानंतर काय झाले?

ऑक्टोबर १९१८ मध्ये चेकोस्लोव्हाकिया स्वतंत्र झाला. १९१९ मध्ये देस्तिनोव्हा पुन्हा मेट्रोपोलिटनमध्ये गेल्या, त्याही ‘देस्तिनोव्हा’ या चेक नावाने. पण ऐन उमेदीची वर्षे युद्धाने खाल्ली होती. १९२१ पर्यंत अमेरिकेतील हा अध्याय संपला. खरी खंत मायदेशाची होती. ज्या देशासाठी नजरकैद सोसली, तिथल्या राष्ट्रीय नाट्यगृहाने त्यांना कायमचे स्थान दिले नाही. १९२३ मध्ये त्यांनी हवाई दलातील एका अधिकाऱ्याशी लग्न केले. मैफली कमी होत गेल्या, पैशांची चणचण वाढली आणि वाड्याचा खर्च काही थांबेना. सोबतीला राहिली ती नदी.

अखेर कशी झाली?

जानेवारी १९३० मध्ये त्या जवळच्या चेस्के बुद्येयोविस शहरात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या. तिथेच त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि २८ जानेवारीला त्यांचे निधन झाले. वय होते ५१. प्रागमधील विशेह्राद येथे, देशातील थोरांच्या स्लाविन या सामाईक समाधिस्थळी त्यांना जागा मिळाली.

आज त्यांची आठवण कशी जपली जाते?

त्यांच्या गाण्याच्या जुन्या ध्वनिमुद्रिका उपलब्ध आहेत. त्यातली खरखर बाजूला सारून ऐकले की त्या आवाजाची धार जाणवते. १९९६ पासून त्यांची छबी चलनी नोटेवर आहे. हयातीत ज्यांना मायदेशाच्या रंगमंचावर हक्काची जागा मिळाली नाही, त्या आज तिथल्या लोकांच्या खिशात असतात. आणि स्त्राशमध्ये वाड्याजवळून नेझार्का अजूनही वाहते.