परदेशातील नोकरीची उमेदवारी

येवल्याच्या बाजारात पैठणी घेण्यास आलेले जाणते गिऱ्हाईक पदराची सुलट बाजू पाहून भुलत नाही; ते पदर उलटा करून पाहते. हातमागावर विणलेल्या अस्सल पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. यंत्रावर काढलेल्या नकलेच्या पाठीमागे मात्र सुटे अथवा कापलेले धागे आढळतात. विक्रेत्याने वाणीचा कितीही पसारा मांडला तरी शेवटचा निवाडा पाठीमागची बाजूच करते. परदेशात नोकरी मागणाऱ्या उमेदवाराच्या अर्जाची परीक्षाही नेमकी याच रीतीने होत असते. अर्ज ही त्याची सुलट बाजू. दाखले, पूर्वीचे मालक आणि व्हिसा देणाऱ्या अधिकाऱ्यापुढील त्याचे बोलणे ही उलट बाजू होय.

परदेशगमन म्हटले की एके काळी बॅरिस्टर अथवा डॉक्टर होऊ इच्छिणारे लोक डोळ्यांपुढे येत. आता वीजतंत्री, परिचारिका, वाहनचालक, स्वयंपाकी असे हस्तकुशल लोकही त्या वाटेने जातात. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केला, तेव्हापासून लहान गावांतूनही जर्मन भाषेची चौकशी होऊ लागली. तथापि दोन शासनांमधील करार म्हणजे कोणा एकाची नेमणूक नव्हे. दार उघडले, एवढाच त्याचा अर्थ. आत कसे जावे, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते.

समजा, येवल्यातील एका तरुणाने औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्रीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केला आहे आणि पुढे दोन वर्षे एका ठेकेदाराकडे काम केले आहे. परदेशच्या अर्जास तो बसतो तोच पहिली अडचण त्याच्या नावाचीच निघते. आपल्याकडील शालान्त प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव व नंतर वडिलांचे नाव असते. पासपोर्टात आडनावाचा रकाना निराळा असतो. आधारपत्रावर एखादे अक्षर वेगळेच पडलेले असते. घरच्या माणसांस यात काहीच वावगे वाटत नाही. परंतु दूरच्या कचेरीत बसलेल्या अधिकाऱ्यास ही तीन निरनिराळी माणसे भासतात. विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्रियांस तर हा त्रास विशेष होतो. यास्तव अर्जापूर्वीच सर्व कागदांवरील नाव व जन्मतारीख एक करून घ्यावी. नाव बदलले असल्यास विवाहाचा दाखला अथवा शासकीय राजपत्रातील नोंद जवळ ठेवावी. दाखल्यांवर ॲपॉस्टिल नावाची मोहोर लागते. त्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत २००५ साली सामील झाला. ही मोहोर परराष्ट्र मंत्रालयाची असते आणि शैक्षणिक दाखल्यांवर तत्पूर्वी राज्य शासनाची साक्ष घ्यावी लागते. हे काम सवडीचे आहे. ऐनवेळी धावपळ करून ते साधत नाही.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. आपल्या तरुणास कोणी सल्लागार भेटतो आणि म्हणतो, “दोन वर्षांचा अनुभव कोण विचारतो? पाच लिही. दाखला मी मिळवून देतो.” हे ऐकताना लबाडी वाटत नाही, व्यवहार वाटतो. परंतु परदेशातील अधिकारी एक दूरध्वनी ठेकेदारास करतो, आणि तो बिचारा सरळ मनाने सांगतो, “मुलगा चांगला; दोन वर्षे होता.” तेवढ्याने पदर उलटा होतो. कॅनडाच्या कायद्याप्रमाणे अर्जात खोटी माहिती देणाऱ्यास पाच वर्षे प्रवेश नाकारला जातो. ब्रिटनमध्ये फसवणुकीबद्दल ही मुदत दहा वर्षांपर्यंत जाते. अमेरिकेत जाणूनबुजून खोटे सांगितल्याचे ठरले तर, विशेष माफी न मिळाल्यास, ते दार जन्मभर बंद राहू शकते. तीन वर्षांच्या खोट्या अनुभवासाठी एवढे मोल द्यावे काय, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. खरे लिहिल्याने एखादी जागा हातची जाईल, हे नाकारता येत नाही. मात्र त्याने वाट बंद होत नाही. दोन वर्षांचा अनुभव पुढल्या वर्षी तीन वर्षांचा होतो. खोटेपणाचा शिक्का मात्र तसाच राहतो.

प्रवासाचा हेतू सांगतानाही हाच नियम लागू आहे. पाहुणा म्हणून जावे आणि तेथे गुपचूप कामास लागावे, ही युक्ती पुष्कळांस सुचविली जाते. ब्रिटनमध्ये पाहुण्याच्या व्हिसावर मुलाखतीस जाण्याची मुभा आहे, नोकरी करण्याची नाही. हा भेद ध्यानात ठेवावा. नोकरी शोधण्याचा सरळ मार्गही काही देशांनी ठेविला आहे. जर्मनीने जून २०२४ पासून ‘चान्सेनकार्टे’ म्हणजे संधिपत्र सुरू केले. मायदेशात मान्यता असलेले किमान दोन वर्षांचे व्यवसायशिक्षण किंवा पदवी, जर्मन वा इंग्रजी भाषेचे ठरलेले ज्ञान, निर्वाहापुरता पैसा व किमान सहा गुण असतील तर उमेदवारास एक वर्षापर्यंत तेथे राहून काम शोधता येते, आणि त्या अवधीत आठवड्यास वीस तास नोकरीही करता येते. परिचारिकेसारख्या व्यवसायास मात्र तेथील शासकीय परवाना लागतो. तो मिळण्यापूर्वी स्वतःस पूर्ण परिचारिका म्हणविणे योग्य नव्हे.

पत्रव्यवहार व मुलाखत यांत आपल्या लोकांच्या दोन सवयी आड येतात. पहिली ‘हो’ म्हणण्याची. काम येत नसले तरी “होऊन जाईल” असे म्हणणे आपल्याकडे नम्रपणाचे लक्षण मानतात. परकीय मालक त्याचा शब्दशः अर्थ घेतो. “हे यंत्र मी हाताळलेले नाही, शिकण्याची तयारी आहे,” या उत्तराने उमेदवाराची किंमत कमी होत नाही. दुसरी सवय वशिल्याची. तेथेही ओळखीच्या माणसांची नावे मागतात. पण ती शब्द टाकण्यासाठी नव्हे, साक्ष देण्यासाठी. म्हणून ज्याने प्रत्यक्ष काम पाहिले त्याचेच नाव द्यावे, आणि तेही त्याची परवानगी घेऊन. मामांच्या ओळखीच्या पुढाऱ्याचे नाव येथे निरुपयोगी ठरते.

वेळेचे भान तर अवश्य हवे. स्टुटगार्ट येथील सकाळचे दहा म्हणजे उन्हाळ्यात येवल्याचे दुपारचे दीड, आणि हिवाळ्यात अडीच. कारण तेथे वर्षातून दोनदा घड्याळ बदलतात. या एका तासाच्या चुकीने मुलाखत हुकली तर दोष घड्याळास देता येत नाही. वेतन, कामाचे तास, राहण्याची सोय आणि विम्याचा खर्च कोणाकडे, हे नम्रपणे विचारावे. विचारणे हा उद्धटपणा नव्हे. एका ठिकाणी होकार दिल्यावर दुसरी जागा पत्करावयाची असेल तर पहिल्या मालकास तात्काळ कळवावे. येथील ठेकेदारासही रीतसर सूचना देऊनच काम सोडावे. उद्या साक्ष त्याचीच लागणार आहे.

उरला प्रश्न दलालाचा. परदेशी कामासाठी माणसे भरणाऱ्याने नोंदणी केलीच पाहिजे, असे १९८३ च्या उत्प्रवास कायद्यात सांगितले आहे. नोंदलेल्या दलालांची नावे केंद्र शासनाच्या ‘ई-मायग्रेट’ या संकेतस्थळावर पाहावयास मिळतात. या कायद्याखालील नियमांनी दलालाच्या मेहनतान्यास तीस हजार रुपये व वरील कर एवढी मर्यादा घातली, आणि पावती देणे बंधनकारक केले. जो पावती देत नाही, पासपोर्ट स्वतःजवळ ठेवू पाहतो किंवा “आधी पैसे, मग करार” म्हणतो, त्याच्या ओट्यावरून उठून यावे. थायलंडमधील संगणकाच्या नोकरीचे आमिष दाखवून अनेक भारतीय तरुणांस म्यानमारच्या सीमेवरील फसवणुकीच्या अड्ड्यांत डांबल्याची उदाहरणे २०२२ पासून उघडकीस आली. मार्च २०२५ मध्ये अशा पाचशेहून अधिक भारतीयांना शासनाने विमानांनी परत आणले. घरचा दागिना अथवा जमिनीचा तुकडा गहाण टाकण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांनी करारपत्र स्वतः वाचवून घ्यावे, ते यासाठीच.

अशा रीतीने निघालेला तरुण त्या देशात एकटा जात नाही. त्याच्या मागून येणाऱ्या गावच्या दुसऱ्या मुलाचा अर्ज जेव्हा त्याच मालकापुढे येईल, तेव्हा पहिल्याचा अनुभव त्या मालकाच्या मनात ताजा असेल. पैठणीचे नाव झाले ते एका विणकराने नव्हे, तर पिढ्यान् पिढ्या पदराची मागची बाजूही सारख्याच निगेने विणली गेल्यामुळे. परमुलखात येवल्याच्या माणसाचे नावही तसेच व्हावयाचे असेल, तर प्रत्येकाने आपापला अर्ज त्याच निगेने लिहिला पाहिजे.