एका घुबडाचा वर्षाचा हिशेब

सुरतेतल्या उधन्यात आमच्या घरामागे एक कडुलिंब आहे. दिवेलागणीला त्यावर आधी येतात पिंगळे. शेजारच्या बेन त्यांना चिबरी म्हणतात. एकेकाचं वजन जेमतेम सव्वाशे ग्रॅम, पण जोडीनं असा कलकलाट करतात की टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो. रात्री दहानंतर येतं गव्हाणी घुबड, अर्ध्या किलोच्या आसपासचं. ते आल्याचं मात्र कधीच ऐकू येत नाही. पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर पांढरा, बदामासारखा चेहरा दिसला की समजायचं, पाहुणे आले.

सकाळी टाकीखाली अंगठ्याएवढी काळपट गोळी पडलेली असते. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेली हाडं, केस गोळी करून ओकून टाकतं. एकदा अशी गोळी वाटीभर पाण्यात भिजवून चिमट्यानं सोडवली. खालच्या जबड्याचे 6 तुकडे निघाले. एका उंदराचे दोन. म्हणजे एका गोळीत 3 उंदीर.

इथून हिशेब सुरू होतो. गव्हाणी घुबडाला रात्रीला 3 ते 4 लहान उंदीर लागतात. वर्षाच्या 365 रात्री धरल्या तर 1,095 ते 1,460. पिल्लं असली की शिकार आणखी वाढते.

आता उंदरांची बाजू. मादी सुमारे 3 आठवड्यांत विते आणि पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः वीण सुरू करतात. कागदावर मांडू: एक जोडी, दर 3 महिन्यांनी प्रत्येक जोडीला 8 पिल्लं, निम्म्या माद्या, आणि मरत कोणीच नाही. संख्या दर खेपेला पाचपट होते. 2 चे 10, मग 50, 250 आणि वर्षअखेर 1,250. सव्वादोन वर्षांत 39,06,250! 2011 च्या जनगणनेत सुरत शहराची लोकसंख्या होती 44,67,797. आणखी तीनच महिने थांबलात तर उंदीर 1,95,31,250.

प्रत्यक्षात असं होत नाही, कारण अन्न अपुरं पडतं, रोग येतात, मांजर, साप आणि घुबड आपापला वाटा उचलतात. पण पहिल्या वर्षाचे 1,250 आणि एका घुबडाचं वर्षाचं जेवण शेजारी शेजारी ठेवून पाहा. एका जोडीचा वर्षभराचा वंशविस्तार एकटं घुबड फस्त करू शकतं.

सुरतकरांना हा हिशेब वेगळा समजावून सांगायला नको. सप्टेंबर 1994 मध्ये इथं प्लेग आला, पन्नासच्या आसपास माणसं दगावली आणि काही दिवसांत लाखो लोक मिळेल त्या गाडीनं शहर सोडून गेले. पुढे आयुक्त एस. आर. राव यांनी कचऱ्याचे ढीग हलवले, शहर चकचकीत झालं. तरी उंदीर संपले नाहीत. ते कुठेच संपत नाहीत.

घुबडाला अंधारात ते सापडतात कसे? गव्हाणी घुबडाचे दोन्ही कान सारख्या उंचीवर नसतात, त्यामुळे आवाज वरून आला की खालून हे कळतं. डावीकडून की उजवीकडून हे ठरतं दोन्ही कानांना तो पोचण्याच्या वेळेतल्या फरकावरून. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेत मासाकाझु कोनिशी यांनी या पक्ष्याच्या श्रवणावर अनेक वर्षं काम केलं. आवाज एका कानाला दुसऱ्यापेक्षा सेकंदाच्या एक लाखाव्या भागानं आधी पोचला, तरी घुबडाला तो फरक कळतो. आपली पापणी लवेपर्यंत असे 10,000 भाग सहज निघून जातात.

एवढी यंत्रणा रात्रभर फुकट राबते आणि आपण तिला अपशकुनी म्हणतो. दिवाळीच्या सुमारास तर जादूटोण्यासाठी घुबडं पकडली, विकली जातात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे. दुसरा घात आपण नकळत करतो. विष खाऊन सुस्तावलेला उंदीर घुबडाला आयता मिळतो आणि त्याच्याबरोबर तेही मरतं. म्हणून परसात घुबड येत असेल तर तेवढी विषाची पुडी आणू नका. एका पुडीत दहा उंदीर मरतील, पण वर्षाला हजार मारणारा जाईल.