कात्री कोठे चालवावी, कोठे थांबवावी

पेढीवर आयुष्य घालविलेल्या माणसास एक गोष्ट ठाऊक असते. गिऱ्हाईक तोंडाने जे बोलते त्याहून, कोणत्या ताग्यावरून त्याचा हात मागे सरला, हे अधिक बोलके असते. आपली कृती प्रथमच लोकांपुढे मांडणाऱ्या विद्यार्थ्यासही हीच पारख शिकावी लागते. अमेरिकन दिग्दर्शक डेव्हिड लिंच यांच्या ‘इरेझरहेड’ या चित्रपटाचा इतिहास त्या दृष्टीने उद्बोधक आहे.

लॉस एंजेलिस येथील अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकत असता लिंच यांनी १९७२ मध्ये या कृष्णधवल प्रायोगिक चित्रपटाचे चित्रीकरण आरंभिले. संहिता अवघी २१ पानांची, तर संस्थेचे साहाय्य १० हजार डॉलरचे. अवचित पितृत्व अंगावर आलेल्या एका भांबावलेल्या तरुणाचे दुःस्वप्न, हा त्याचा विषय. पैसा संपला, काम वारंवार थांबू लागले. लिंच यांच्या पदरी लहान मुलगी होती. तेव्हा वडिलांनी आणि धाकट्या भावाने त्यांना समोर बसवून, हा नाद सोडून नोकरी धरण्याचा सल्ला दिला. त्या सल्ल्यामागे आकस नव्हता, काळजी होती. लिंच यांनी वृत्तपत्रे टाकून मिळकत उभी केली. चित्रपट मात्र सोडला नाही.

मार्च १९७७ मध्ये लॉस एंजेलिसच्या फिल्मेक्स महोत्सवात तो प्रथम दाखविला गेला. प्रतिसाद थंड होता. ‘व्हरायटी’ या प्रतिष्ठित व्यवसायपत्राने कठोर टीका केली. अशा वेळी तरुण कलावंतापुढे दोन सोपे मार्ग असतात : प्रेक्षकांस अज्ञानी ठरविणे किंवा स्वतःस अपात्र मानणे. लिंच यांनी तिसरा मार्ग निवडला. चित्रपट लांबला आहे, हे त्यांनी ओळखले आणि काही वर्षांच्या कष्टातून साकारलेल्या चित्रपटातील सुमारे २० मिनिटांचा भाग काढून टाकला. मात्र त्यातील गूढता त्यांनी सौम्य केली नाही, आणि तिचा अर्थ २०२५ मध्ये निधन होईपर्यंत कोणास उलगडून सांगितला नाही.

पुढे न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्रीच्या खेळांतून या चित्रपटाने हळूहळू आपला प्रेक्षक मिळविला. तो पाहूनच निर्माते मेल ब्रुक्स यांनी ‘द एलिफंट मॅन’चे दिग्दर्शन लिंच यांच्याकडे सोपविले. १९८० च्या त्या चित्रपटास ऑस्करची आठ नामांकने लाभली. २००४ मध्ये ‘इरेझरहेड’चा समावेश अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत झाला.

यश मिळाले म्हणून लिंच यांचा निर्णय योग्य ठरतो, असे नव्हे. यश न मिळतेही. त्यांचे मोठेपण आहे ते अभिप्रायाच्या निवडीत. ‘येथे मन रेंगाळले, येथे धागा सुटला’ हे प्रेक्षकाचे सांगणे बहुधा खरे असते, कारण तो आपला अनुभव सांगत असतो. ‘त्याऐवजी असे दाखवायला हवे होते’ हे सांगताना मात्र तो निर्मात्याच्या आसनावर बसलेला असतो. पहिल्याचे ऋण मानावे; दुसरे नम्रपणे ऐकून बाजूस ठेवावे.

हा विवेक घरच्यांसही हवा. मुलगा वा मुलगी आपली पहिली चित्रफीत दाखवील, तेव्हा खोटी वाहवा नको आणि ‘यातून मिळणार काय?’ हा प्रश्नही त्याच क्षणी नको. आपले मन कोठे गुंतले आणि कोठे सुटले, एवढेच प्रामाणिकपणे सांगावे. कात्री त्यांच्याच हाती राहू द्यावी.