वारशाने आलेले पिस्तूल : कालनिश्चिती व मूल्यनिश्चिती

महाराष्ट्रातील जुन्या घराण्यांत तलवार, कट्यार यांच्या जोडीने एखादे ठासणीचे पिस्तूलही वारशाने चालत आलेले आढळते. त्याजबरोबर एक हकीकतही चालत आलेली असते : अमुक लढाईत अमुक पूर्वजाने ते शत्रूच्या स्वाराकडून हस्तगत केले. वस्तू आणि हकीकत मिळून एकच पुरावा होतो, असा घरातील मंडळींचा समज असतो. अभ्यासकाला मात्र त्या दोन स्वतंत्र साक्षी मानूनच चालावे लागते. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील चकमकीचे पिस्तूल हे या दृष्टीने उपयुक्त उदाहरण होय.

परीक्षेस आरंभ करण्यापूर्वी एक खबरदारी अवश्य आहे. ठासणीचे हत्यार कित्येक पिढ्यांपूर्वी भरून तसेच ठेवलेले असू शकते. बारीक लाकडी काठी नळीत अलगद शेवटपर्यंत सोडावी, तोंडाशी तिच्यावर खूण करावी व तीच काठी नळीच्या बाहेरून लावून पाहावी. काठीचे टोक नळीच्या कानापर्यंत पोचत नसेल, तर आत दारू व गोळी असण्याचा संभव आहे. असे पिस्तूल तज्ज्ञाच्या हाती द्यावे. घरी मोकळे करण्याचा प्रयत्न करू नये.

पिस्तूल ही एकसंध वस्तू नव्हे. नळी, कळ आणि लाकडी दस्ता ही तिची तीन प्रमुख अंगे निरनिराळ्या कारागिरांच्या हातून उतरत, आणि पुढे शस्त्रागारात दुरुस्तीच्या वेळी एकाची कळ दुसऱ्याच्या दस्त्यावर चढविली जाई. म्हणून प्रत्येक अंगाचा काळ स्वतंत्रपणे ठरवावा लागतो. संपूर्ण वस्तू आजच्या स्वरूपात तिच्या सर्वांत अलीकडच्या अंगापेक्षा जुनी असू शकत नाही, हा कालनिश्चितीचा मूलभूत नियम होय.

कळीच्या पोलादी पट्टीवरील चिन्ह प्रथम पाहावे. कंपनीच्या जुन्या हत्यारांवर चार भागांत विभागलेली हृदयाकृती, तीत कंपनीची रोमन आद्याक्षरे व वर चारच्या आकड्यासारखी खूण आढळते. १८०८ पासून तिच्या जागी पुढील पंजांत मुकुट धरून मागील पायांवर उभा असलेला सिंह येतो. आता असईच्या लढाईत (२३ सप्टेंबर १८०३) मिळविलेल्या म्हणून सांगितलेल्या पिस्तुलाच्या कळीवर हा सिंह असेल, तर हकीकत खरी असली तरी ती या कळीची नव्हे, हे उघड आहे. उलट खडकीच्या लढाईची (५ नोव्हेंबर १८१७) हकीकत त्याच सिंहाने खोटी ठरत नाही; पण तेवढ्याने सिद्धही होत नाही. चिन्ह एखादी गोष्ट अशक्य ठरवू शकते. ती घडलीच, असे सांगू शकत नाही.

अधिकारी आपली पिस्तुले बहुधा स्वखर्चाने लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या कारखानदारांकडून घेत. अशा पिस्तुलाच्या नळीवर परीक्षेचे शिक्के असतात. लंडनच्या बंदूककारांच्या संघास १६३७ साली सनद मिळाली. बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३ च्या कायद्याने स्थापन झाले. त्यामुळे या परीक्षागृहाचा शिक्का असलेली नळी १८१३ पूर्वीची असू शकत नाही. कारागिराच्या नावासोबत पत्ताही कोरलेला असल्यास तत्कालीन व्यापारी पत्तेपुस्तकांवरून काळाची मर्यादा कधी कधी थोड्या वर्षांपर्यंत आणता येते.

यानंतर पेट घेण्याची पद्धत पाहावयाची. चकमकीच्या कळीत गार पोलादी पानावर आदळून ठिणगी पडते व वाटीतील रंजक पेटते. आघाताने पेटणाऱ्या द्रव्याचा उपयोग स्कॉटिश धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्सिथ याने शोधून १८०७ मध्ये त्याचे पेटंट घेतले. तांब्याच्या टोप्या त्यानंतर प्रचारात आल्या, आणि कंपनीच्या फौजेत टोपीची हत्यारे १८४० च्या दशकात रूढ झाली. त्या वेळी काही जुनी हत्यारे टाकून न देता टोपीसाठी बदलून घेण्यात आली. पट्टीवर बुजविलेली स्क्रूची भोके, वाटी कापून टाकल्याची खूण, नळीच्या कानाशी बसविलेला नवा तुकडा ही त्या बदलाची लक्षणे होत. याच्या उलट प्रकारही घडतो. चकमकीच्या पिस्तुलास अधिक किंमत येते म्हणून टोपीचे पिस्तूल अलीकडच्या काळात पुन्हा चकमकीचे केले जाते. वाटी आणि घोडा यांचे पोलाद पट्टीच्या मानाने ताजे दिसले, किंवा झीज एकसारखी नसली, तर संशय घ्यावा.

मूल्य ठरविताना अंगांचा अस्सलपणा, अवस्था, दुर्मिळता आणि मालकीची सलग परंपरा यांचा विचार होतो. जोडीपैकी एकच पिस्तूल उरले असल्यास मूल्य अर्ध्याहूनही कमी भरू शकते. विक्रेत्याने मागितलेली किंमत प्रमाण मानू नये. लिलावात प्रत्यक्ष आलेली किंमतच तुलनेस घ्यावी. सर्वांत मोठी हानी मात्र चांगल्या हेतूनेच होते. पॉलिश कागदाने घासून चकचकीत केलेल्या नळीवरील शिक्के पुसट होतात, आणि किंमत व पुरावा ही दोन्ही एकाच दुपारी नाहीशी होतात.

कायद्याची बाजूही दृष्टीआड करता येत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या ४५ व्या कलमात कालबाह्य अथवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या, पण दुरुस्त करूनही चालू न शकणाऱ्या हत्यारास सूट आहे; विशिष्ट पिस्तूल तीत बसते की नाही, हे परवाना अधिकाऱ्याकडून ठरवून घ्यावे. १९७२ च्या पुरावस्तूविषयक अधिनियमान्वये शंभर वर्षांची वस्तू पुरावस्तू ठरू शकते, व ती खाजगी व्यक्तीस परदेशी पाठविता येत नाही.

हकीकत चिन्हांशी जुळली नाही म्हणून ती टाकून देणे योग्य नव्हे. कोणी, कोणाकडून, केव्हा ऐकली हे सांगणाऱ्याच्या शब्दांत तारखेसह लिहून पिस्तुलाजवळ ठेवावे. जुनी यादी, पत्र किंवा परवाना सापडल्यास तोही जोडावा. पिस्तुलावरून हत्याराचा इतिहास कळतो. हकीकतीवरून त्या घराण्याने आपला भूतकाळ कसा स्मरला ते कळते. अभ्यासकास दोहोंची गरज आहे. मात्र एकाच्या उणिवा दुसऱ्याने भरून काढू नयेत.