पाच दिवसांची ठेव

पेढी म्हटली की ठेव आली आणि ठेव म्हटली की मुदत आली. रक्तपेढीचेही तसेच आहे. तांबड्या पेशी शीतकपाटात ३५ ते ४२ दिवस टिकतात. रक्तद्रव गोठवून वर्षभर राखता येतो. रक्तबिंबिकांची, म्हणजे डेंग्यूच्या दिवसांत घरोघरी ऐकू येणाऱ्या प्लेटलेटची, मुदत मात्र अवघी पाच दिवसांची.

त्यांना थंडी मानवत नाही. गारठलेल्या बिंबिका रुग्णाच्या शरीरातून लवकर नाहीशा होतात. म्हणून त्या २० ते २४ अंश सेल्सिअसला, सतत मंद हेलकावे देणाऱ्या यंत्रावर ठेवतात. पण याच उबेत जंतूही वाढू शकतात. मुदत तोकडी आहे ती मुख्यतः यामुळे.

तयारीचे काम नाजूक आहे. एकमेकींना जोडलेल्या पिशव्यांच्या संचात घेतलेले रक्त थंड न करता सहा ते आठ तासांत यंत्रावर चढावे लागते. पहिली फिरकी हलकी असते. जड तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि वर बिंबिकायुक्त पिवळसर द्रव उरतो. तो शेजारच्या पिशवीत घेऊन दुसरी फिरकी जोराची देतात. आता बिंबिका तळाशी जातात. वरचा बहुतेक द्रव काढला की ५० ते ७० मिलिलिटर ऐवज हाती राहतो. लगेच हलवल्यास गुठळ्या राहतात, म्हणून पिशवीला सुमारे तासभर विश्रांती देतात. पुढे तंत्रज्ञ ती उजेडासमोर धरून हलकेच फिरवतो. आत धुरासारखी चमकती वलये उठली, तर माल अस्सल. सराफाने कस पाहावा, तशीच ही पारख.

अशा एका पिशवीने प्रौढ रुग्णाच्या बिंबिका ५ ते १० हजारांनी वाढतात. एका वेळी चार ते सहा पिशव्या लागतात. अफेरेसिस यंत्र तेवढ्याच बिंबिका एका दात्याकडून तास-दीड तासात घेते आणि उरलेले रक्त त्याला परत देते.

उत्सवाच्या एकाच दिवशी शेकडो दाते जमवणाऱ्या शिबिराची उणीव इथे दिसते. न खपलेल्या बिंबिका सहाव्या दिवशी टाकून द्याव्या लागतात आणि आठवड्याने रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलाचे वडील पुन्हा दाता शोधत फिरतात. एकदम उतरलेल्या नाशवंत मालाचे काय होते, हे व्यापारी घरांना निराळे सांगायला नको. तेच दाते आठवड्या-आठवड्याला वाटून बोलावता येतात. संपूर्ण रक्त पुरुषाला तीन महिन्यांनी, स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा देता येते. अफेरेसिसच्या दात्याला ४८ तासांचे अंतर पुरते, मात्र आठवड्यात दोनदा आणि वर्षात २४ वेळा, याहून अधिक नाही.