संगणकाची प्रणाली बदला, रुग्णांच्या नोंदी जपा

अंबड औद्योगिक वसाहतीतील कामगाराच्या फुप्फुस-चाचणीचा आजचा एकटा आकडा फारसे सांगत नाही. पाच वर्षांपूर्वीच्या आकड्याशी ताडला, की घसरण कळते. ती जुनी नोंद दवाखान्याच्या संगणकात असते.

म्हणून उबुंटू काढून मिंट किंवा सी-डॅकचे ‘बॉस’ टाकण्यापूर्वी सर्व फायली बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा आणि ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. नवी प्रणाली आधी पेनड्राइव्हवरून चालवून प्रिंटर तपासा.

‘होम’ विभाग वेगळा असेल, तर बसवताना तोच निवडा. मात्र त्यापुढील ‘फॉरमॅट’ची खूण काढा. फक्त ‘रूट’ पुसा. रुग्णनोंदींचा डेटाबेस बहुधा ‘होम’बाहेर, ‘रूट’मध्येच असतो; त्याची प्रत स्वतंत्रपणे काढा. पुसलेली नोंद पुन्हा तपासणी करून मिळत नाही.